बिनमालकाचं जाळं

पेडण्यातल्या मोरजीची मोरजाई, डिचोलीतल्या शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई आणि मयेची महामाया या सख्ख्या बहिणी, अशी गोव्याची लोकश्रद्धा आहे. आणखी एक बहीण म्हापशाच्या चर्चमध्ये मिलाग्रीस सायबीण म्हणून पुजली जाते. प्रत्येकीचं स्थान स्वतंत्र, उत्सव स्वतंत्र, मानकरी वेगळे. लईराईच्या होमकुंडाचे नियम शिरगावचे. ते मोरजीला लागू नाहीत. सगळ्यांवर हुकूम चालवणारं मुख्य देऊळ कुठेच नाही, तरी नातं पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे.

इंटरनेटवर नेमक्या याच रचनेचं एक समाजमाध्यम उभं आहे. त्याचं नाव फेडिव्हर्स. त्यातलं सर्वांत परिचित मॅस्टोडॉन 2016 मध्ये ऑयगेन रोचको या जर्मनीतल्या तरुणाने सुरू केलं. ते एका कंपनीच्या संगणकांवर चालत नाही. हजारो लहानमोठे सर्व्हर आहेत आणि कुणी हौशी माणूस, कुठली संस्था, कुठलं विद्यापीठ ते आपापल्या नियमांनी चालवतं.

समजा, मांद्र्याच्या एका शाळेने स्वतःचा सर्व्हर उभारला आणि साखळीच्या नाट्यमंडळाने आपला. साखळीच्या रसिकाने मांद्र्याच्या शिक्षिकेला फॉलो केलं की त्याचा सर्व्हर मांद्र्याकडे तशी विनंती पाठवतो. होकार मिळाला की झालं. यापुढे शिक्षिका जे लिहील त्याची प्रत मांद्र्याचा सर्व्हर थेट साखळीच्या इनबॉक्समध्ये टाकतो. सोबत डिजिटल सही असते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तिच्या नावावर काही खपवता येत नाही. मधला मालक नाही, जाहिरातवाला नाही! या देवघेवीची भाषा म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीपब. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने 23 जानेवारी 2018 रोजी तिला अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली. ती वापरायला शुल्क नाही, परवाना नाही.

भारतात याची मोठी चर्चा नोव्हेंबर 2019 मध्ये झाली. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं आणि अनेक भारतीयांनी निषेध म्हणून मॅस्टोडॉन गाठलं.

मला थक्क करणारी गोष्ट पुढची आहे. जुलै 2023 मध्ये मेटाने थ्रेड्स हे आपलं समाजमाध्यम आणलं. पाच दिवसांत 10 कोटी लोक आले. एवढ्या अवाढव्य कंपनीने अ‍ॅक्टिव्हिटीपबच्या याच फुकटच्या भाषेत बोलायचं ठरवलं. मार्च 2024 मध्ये अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या लोकांना आपलं थ्रेड्सवरचं लिखाण फेडिव्हर्समध्ये पाठवायची मुभा मिळाली. म्हणजे एका खोलीत एका माणसाने चालवलेल्या सर्व्हरला आणि मेटाच्या प्रचंड यंत्रणेला व्याकरण एकच! कितीतरी सर्व्हरचालकांनी मेटाशी संबंधच नको म्हणून तिचा सर्व्हर रोखून धरला, काहींनी स्वागत केलं. दोघांनाही तो अधिकार होता. एवढ्या बलाढ्य कंपनीला एकटा हौशी माणूस नकार देऊ शकतो, हे आजच्या इंटरनेटवर आणखी कुठे दिसतं?

धास्ती बाळगणाऱ्यांकडे मात्र सबळ कारण आहे. गूगल टॉक 2006 मध्ये एक्सएमपीपी या अशाच खुल्या गप्पांच्या जाळ्यात आलं आणि बहुसंख्य लोक गूगलकडेच जमले. मग 2013 मध्ये हँगआउट्स आणताना गूगलने बाहेरच्या सर्व्हरशी असलेलं नातं सोडलं. बाकीचे एकाएकी एकटे पडले. मोठा पाहुणा यावा, पण सगळी वस्ती त्याच्याकडे राहायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

लोकांनी चालवलेलं जाळं गोव्याला नवं नाही. हर्मन कार्नेरो यांनी 1994 मध्ये सुरू केलेल्या गोवानेटने ई-मेलवरून जगभरच्या गोवेकरांना जोडलं. तेव्हा वाचनालयांनो, शाळांनो, नाट्यमंडळांनो, एखादा छोटा सर्व्हर उभारून पाहा. नुसतं खातं उघडणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. मॅस्टोडॉनवर सर्व्हर बदलला तर अनुयायी सोबत नेता येतात, जुनं लिखाण मात्र मागेच राहतं. त्याची प्रत अधूनमधून उतरवून घ्या.