धावपट्टी जवळ, परवाना दूर

नांदेडची धावपट्टी १९५८ सालची, सार्वजनिक बांधकाम खात्याने बांधलेली. लातूरची १९९१ ची. मधल्या तेहतीस वर्षांत सांगण्यासारखे फारसे काही नाही. एखाद्या मंत्र्याचे छोटे विमान उतरे, बंदोबस्त लागे, विमान परत जाई आणि पट्टी पुन्हा मोकळी पडे. त्याआधी निजामी राजवटीत डेक्कन एअरवेजची विमाने हैदराबादेहून उडत होती, पण नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड-देगलूरच्या माणसाला त्यांचा उपयोग नव्हता. लातूरचे खासदार शिवराज पाटील चाकूरकर पुढे नागरी उड्डयन खात्याचे राज्यमंत्री झाले, म्हणजे विषय मराठवाड्याला परका नव्हता. परकी राहिली ती वैमानिकाची खुर्ची.

या भागाच्या हवाई इतिहासात थांबून पाहावे असे दशक एकच, २००८ ते २०१७. ऑक्टोबर २००८ मध्ये नांदेडला शिखांच्या गुरुतागद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख लातूरचे. त्याच डिसेंबरात त्या पदावर आलेले अशोक चव्हाण नांदेडचे. सोहळ्यासाठी धावपट्टी २३०० मीटरची झाली, एअरबस ३२० उतरू शकेल एवढी. किंगफिशरची विमाने येऊ लागली आणि पुढच्याच वर्षी नांदेड-लातूरसह पाच विमानतळ खासगी कंपनीला दीर्घ भाडेपट्ट्याने देण्यात आले.

याच सुमारास देशभर वैमानिक होण्याची लाट होती. २००३ ते २००६ या काळात एअर डेक्कन, किंगफिशर, स्पाइसजेट, इंडिगो एकामागून एक सुरू झाल्या. परवाना हातात पडला की नोकरी ठरलेली, असे वातावरण होते. वीस-पंचवीस लाखांची कर्जे काढली गेली, शेते गहाण पडली. २००८ च्या मंदीने भरती थांबली आणि दोनशे तासांचे उड्डाण करून आलेली मुले घरी बसली. हा परवाना पदवीसारखा कपाटात ठेवून चालत नाही. दरवर्षी वैद्यकीय तपासणी, उपकरणांच्या आधारे उडण्याच्या मानांकनाचे नूतनीकरण, त्यासाठी पुन्हा विमानाचे भाडे, असा खर्च उत्पन्न नसतानाही चालूच राहतो. त्यात २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघड झाली आणि प्रामाणिक उमेदवारांकडेही संशयाने पाहिले गेले. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली. कर्ज मात्र बँकेच्या वहीत तसेच राहिले. त्या पिढीचा हिशेब कोणी मांडला नाही, ही या दशकाची सर्वांत मोठी चूक.

२७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेत नांदेड-हैदराबाद विमान सुरू झाले. ट्रूजेटच्या एटीआरमध्ये काही जागांचे भाडे तासाला अडीच हजारांच्या मर्यादेत होते आणि प्रथमच सामान्य माणूस त्या जिन्यावर चढला. २०२२ मध्ये ती सेवाही थांबली. २०२४ मध्ये स्टार एअर आली, तर ऑगस्ट २०२५ मध्ये धावपट्टीच्या कारणावरून नांदेडची उड्डाणे थांबवावी लागली. सोहळ्यासाठी वाढवलेल्या पट्टीची रोजची निगा राखली जाऊ नये, हे मनाला लागणारे आहे.

प्रवासी विमानाला २३०० मीटर लागतात; शिकाऊ सेसना-१७२ ला चार-पाचशे मीटरही पुरतात. पावसाळा सोडला तर मराठवाड्याचे आकाश बहुतेक दिवस निरभ्र असते. तरीही प्रशिक्षणासाठी नावारूपाला आली ती बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया ही ठिकाणे. आता अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची वर्षाला १८० वैमानिक घडवणारी शाळा उभी राहत आहे.

या शाळांतला दिवस पहाटे सुरू होतो. विद्यार्थी पंखाखाली वाकून टाकीतले थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढतो आणि उजेडात धरतो. इंधनाला फिकट निळा रंग असतो; पाणी मिसळले असेल तर ते जड म्हणून तळाशी वेगळे दिसते. पेल्यात पाणी दिसले तर विमान हलत नाही. मग वाऱ्याची दिशा पाहायची, कारण वाऱ्याला तोंड देऊन धावले की पंखांना कमी अंतरात उचल मिळते. धावपट्टीच्या तोंडावरचा आकडा होकायंत्राची दिशा सांगतो: ०९ म्हणजे पूर्व, २७ म्हणजे पश्चिम.

व्यावसायिक परवान्याला वय १८ पूर्ण, बारावीला भौतिकशास्त्र व गणित, दोनशे तास उड्डाण आणि हवाई मार्गनिर्देशन, हवामान, हवाई नियम, विमानाची यंत्रणा अशा विषयांच्या लेखी परीक्षा लागतात. लातूरच्या शिकवण्यांत भौतिकशास्त्र-गणित पक्के झालेल्या मुलाला यातले काही जड नाही. जड जाते ते रेडिओवरचे इंग्रजी, आणि तेही सरावाने येते. खरी अडचण पैशाची. खर्च आज पन्नास लाखांच्या पुढे गेला आहे आणि विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण त्यावर वेगळे.

पैसा नसलेल्या घरासाठी हवाई दलाचा दुसरा रस्ता आहे आणि तो याच भागातून जातो. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून चालणारी राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी (एनडीए) तयार करते. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला आहे. उदगीरपलीकडच्या बिदरला हवाई दलाचे वैमानिक हॉक विमानांवर शिकतात. ‘सूर्यकिरण’ पथक १९९६ मध्ये तिथेच उभे राहिले. या रस्त्याला शेत विकावे लागत नाही.

खासगी रस्ताच धरायचा असेल तर मुखेडच्या पालकांनी एक करावे. कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी, प्रवेशाची पहिली रक्कम भरण्याआधी, मुलाची किंवा मुलीची क्लास टू आणि मग क्लास वन वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. तीव्र रंगांधळेपणा किंवा हृदयाचा गंभीर दोष निघाला तर परवाना मिळत नाही, आणि भरलेली फी सहसा परत मिळत नाही.