वृंदावनाभोवतीची हातभर जमीन

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुलसीविवाहाचे दिवस. हिंगणघाट तालुक्यातील आमच्या अल्लीपूरसारख्या गावीही आता सारवलेल्या अंगणांच्या जागी फरशी येत आहे. चिखल गेला, हे उत्तमच! परंतु फरशी घालताना वृंदावनाभोवतीची हातभर जमीन गृहस्थाने उघडी ठेवावी. तिच्यावर घरातील बाळांचा हक्क आहे.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते. तळाशी छिद्र नसलेल्या सिमेंटच्या वृंदावनात तुळशीची मुळे कुजतात, आणि माउली रुसली असे आपण म्हणतो! मातीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. मंजिऱ्या वेळीच खुडाव्यात, एरवी रोप लवकर निबर होते. काही मंजिऱ्या मात्र वाळवून ठेवाव्यात व त्यांचे बी ज्येष्ठ-आषाढात मुलांच्याच हातून पेरावे.

द्वादशीला तुळशीचे पान खुडू नये, असा शास्त्राचा दंडक. पाच वर्षांचे मूल त्या दिवशी पुढे केलेला हात मागे घेते. संयमाचा इतका सुलभ पाठ कीर्तनातून देणे आम्हांस साधत नाही. वृंदावनाला गेरू लावताना त्याचे कपडे माखतील, माखू द्यावेत. विवाहात ठेवलेल्या बोराची बी त्याला परसात पुरू द्यावी.