लिनक्स : नवागतांच्या अडचणी

मुक्तस्रोत परिचालन प्रणालींपैकी लिनक्स ही एक प्रमुख प्रणाली होय. तिचा गाभा लिनस टॉरव्हॉल्ड्स यांनी हेल्सिंकी विद्यापीठात शिकत असताना १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. विंडोजवरून तिच्याकडे वळणाऱ्यास येणाऱ्या अडचणी बहुधा प्रणालीच्या दोषांपेक्षा हाताला जडलेल्या सवयींतून उद्‌भवतात. येथे सी, डी असे विभाग नसून सर्व फाइली एकाच मुळाखाली वृक्षाप्रमाणे मांडलेल्या असतात. टर्मिनलमध्ये परवलीचा शब्द टंकताना पडद्यावर सामान्यतः काहीच, अगदी ठिपकेही, उमटत नाहीत. कळफलकच बिघडला, असा नवागताचा समज होतो. नक्कल करण्यासाठी सवयीने दाबलेली ‘कंट्रोल-सी’ ही जोडकळ तेथे चालू कार्यच थांबविते.

वाय-फायची अडचण मात्र खरी असते. काही उत्पादक आपल्या उपकरणांच्या चालक आज्ञावल्या खुल्या करीत नाहीत. मराठी लेखकास याहून जाचक अनुभव येतो. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेला जुना मजकूर, तो फाँट नसल्यास, निरर्थक रोमन चिन्हांच्या रूपात दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. हे काम जुनी प्रणाली काढून टाकण्यापूर्वीच करणे इष्ट, कारण असे फाँट व त्यांच्या आज्ञावल्या बहुधा विंडोजसाठीच तयार केलेल्या असत.