पांढरा केस पांढरा नसतोच!

मागच्या दिवाळीत माझी भाची चार दिवस राहायला आली होती. ती पुण्याला अॅनिमेशनचा कोर्स करते. आल्या आल्या फराळाची बशी बाजूला ठेवून ती माझ्या सासूबाईंपुढे मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, मला तुमचे केस बघायचेत."

सासूबाईंचं वय ८१. केस पांढरेशुभ्र, पण पदर डोक्यावरून कधी खाली येत नाही. मामंजी गेल्यापासून तर त्या फोटोलाही उभ्या राहत नाहीत. "पिकल्या पानाचा कसला गं फोटो काढायचा?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

भाचीची अडचण खरी होती. कोर्सच्या शेवटी तिला दोन मिनिटांची फिल्म करायची होती आणि तिच्या गोष्टीत एक आजी होती. कॉम्प्युटरवर आजीचा चेहरा जमला, सुरकुत्या जमल्या, लुगडंही जमलं. केस मात्र काही केल्या जमेनात. तिने लॅपटॉपवर दाखवलं, तर मला शाळेच्या गॅदरिंगमधला कापूस चिकटवलेला म्हातारा आठवला!

"अगं, पांढरा रंग दे की, झालं!" मी म्हटलं.

"पांढरा रंग दिला म्हणूनच तर ते असे दिसतायत, मावशी. पांढरा केस पांढरा नसतोच."

मी बी.ए. झालेली, विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला. तरी तिचं म्हणणं मला कळलं, कारण तिने ते स्वयंपाकघरात उभं राहून समजावलं. खडीसाखरेचा मोठा खडा उजेडात धरला की आरपार दिसतो. तोच कुटला की पांढराशुभ्र भुगा होतो. आपण त्यात पांढरा रंग थोडाच घालतो? असंख्य बारीक कणांवर उजेड इकडून तिकडे आपटत राहतो, म्हणून तो पांढरा दिसतो. केसांचंही तसंच. काळ्या केसात मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते उजेड गिळून टाकतं. वय झालं की ते बनणं थांबतं. मग उरतो तो जवळजवळ बिनरंगी, काचेसारखा धागा. डोक्यावर असे सुमारे लाखभर धागे. एकातून निघालेला उजेड दुसऱ्यात शिरतो, दुसऱ्यातून तिसऱ्यात. सगळे मिळून पांढरे दिसतात, एकटा केस नाही.

कॉम्प्युटरवाल्यांना हे लवकर जमलं नाही. १९८९ मध्ये कजिया आणि के या दोन संशोधकांनी केसाळ टेडी बेअरचं चित्र कॉम्प्युटरवर काढून दाखवलं, ते फार गाजलं. पण त्यांच्या हिशेबात केस म्हणजे नुसती बारीक काडी होती, उजेड वरच्यावर परतवणारी. २००३ मध्ये स्टीफन मार्शनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या केसावर उजेड टाकून मोजमाप केलं. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, तेही जरासे तिरके. त्यामुळे थोडा उजेड वरूनच परततो, थोडा आरपार जातो, तर थोडा आत शिरून मागच्या भिंतीवर आपटून परत येतो. म्हणून केसांवर एक नाही, दोन चकाकणाऱ्या रेघा दिसतात.

एवढ्या हिशेबावर काळे केस छान दिसू लागले, कारण काळ्या केसात उजेड दोन-चार उड्यांत संपतो. पांढऱ्यात तो संपतच नाही. या केसातून त्या केसात अशा त्याच्या उड्या मोजत बसावं लागतं. मध्येच मोजणं थांबवलं, तर केस मळकट, राखाडी दिसतात. फिकट केसांसाठी हा सगळा हिशेब मांडायची रीत मून आणि मार्शनर यांनी २००६ मध्ये दाखवली आणि २००८ मध्ये तो पटकन उरकायची युक्तीही निघाली. तरी भाची म्हणते, तरुण नायिकेपेक्षा म्हाताऱ्या बाईचे केस काढायला मशीनला जास्त वेळ लागतो. मला हे ऐकून हसूच आलं. आपण तर म्हाताऱ्या बाईकडे धड बघतही नाही!

२०१७ चा 'कोको' नावाचा मेक्सिकोतल्या कुटुंबावरचा अॅनिमेशनपट तिने मला दाखवला. त्यातली पणजी खुर्चीत बसून असते, पिकल्या केसांच्या दोन वेण्या खांद्यावर. ती बोलते थोडं, पण सगळी गोष्ट तिच्यापाशी येऊन थांबते.

नरकचतुर्दशीला भाची पहाटेच उठली. अभ्यंगाआधी तिने सासूबाईंचे तेल लावलेले केस पाहिले. ते काळपट, चपटे दिसत होते. भज्यांचा कागद तेलाने जसा आरपार दिसतो, तसंच ते. केसांमधल्या फटीत तेल भरलं की उजेडाच्या उड्या कमी होतात. न्हाऊन झाल्यावर सासूबाई अंगणात उन्हाला बसल्या. भाची हळूच म्हणाली, "आजी, पदर जरा खाली घेऊ?" त्या काही बोलल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

पाठीमागून ऊन आलं आणि कडेचे मोकळे केस एकदम उजळले. कपाळाजवळ पिवळसर झाक होती. मानेपाशी अजून काही केस काळे होते. पंचवीस वर्षं मी या घरात आहे. त्यांच्या औषधांच्या वेळा मला पाठ, पण मानेपाशी अजून काळे केस आहेत, हे मला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत तिने फिल्म पाठवली. सासूबाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला, दोनदा पाहिली आणि म्हणाल्या, "ही तर माझी आई." मग संध्याकाळपर्यंत त्या आईबद्दल बोलत होत्या. त्यांच्या आईविषयी एवढं मी कधीच ऐकलं नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

आमच्या बचत गटाचा फोटो काढायचा म्हटलं की वयस्क बायका आपणहून मागच्या रांगेत सरकतात. इतकी वर्षं मीही सरकू देत होते. आता मी त्यांना पुढे बसवते. आणि माझं काय म्हणाल, तर दर तीन आठवड्यांनी मी डाय लावते. डोक्याला खाज सुटते, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय, तरी लग्नसराई आली की हात त्या पाकिटाकडे जातोच. या वेळचं पाकीट आणलंय, अजून फोडलेलं नाही. बघू!

पण मैत्रिणींनो, एक करून बघा. सकाळच्या उन्हात घरातल्या आजीची वेणी घाला. हातात फणी असू द्या आणि घाई नको.