रत्नागिरी ते उजळाईवाडी, रस्त्याने

पहाटे ५:१५. जानेवारी २०२५. सीएनजी पंपावर आठ-दहा रिक्षा आणि आमची एर्टिगा. प्रेशर कमी, त्यामुळे रांग हलत नाही. ड्रायव्हर पस्तिशीतला. गाडी मालकाची, याला दिवसाचे ७०० आणि जेवणाचे १५०. गॅस ७०० रुपयांचा बसतो. एवढ्यात कोल्हापूर गाठता येतं, परत येता येत नाही.

६:१५. काकू हैदराबादला मुलाकडे निघाल्यात. कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळी. डिकीत गॅसची टाकी, म्हणून बॅगा कॅरिअरवर. "वजन केलंत ना काकू? तिकडे पंधरा किलोच्या वर पैसे घेतात." दोरी तो दोनदा ओढून बघतो.

६:३५. उजव्या-डाव्या वळणांत मिरजोळ्याचा विमानतळ मागे पडतो. धावपट्टी आहे, पण ती तटरक्षक दलाची. प्रवाशांसाठी इमारतीचं काम चालू आहे. इथून कोल्हापूरचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर. एटीआरसारख्या विमानाला चढणं-उतरणं धरून अर्धा तास पुरेल. आपल्याला रस्त्याने १४०.

७:००. हातखंबा तिठा. पुढे पाली, नाणीज. चौपदरीकरण चालू, डंपर, डायव्हर्जन, लाल धूळ. काच वर. दुसऱ्या गिअरच्या वर जाताच येत नाही.

८:१०. साखरपा. चहा, वडापाव. काकू डब्यातले घावणे काढतात, आम्हालाही देतात. त्याला चहाही त्यांनीच पाजला. भत्त्यातले दहा वाचले.

८:३५. आंबा घाट. इथे तो बोलायचं थांबतो. एसी बंद, कारण चढाला गाडी ओढत नाही. समोरून उसाचा नाही, चिऱ्याचाही नाही, कोळशाचा ट्रक येतो. कडेला घेऊन तो त्याला वाट देतो. काकूंनी तोंडात आवळासुपारी धरलीय. घाट संपल्यावर मी विचारतो, रत्नागिरीतनं विमान सुटलं तर? "मिरजोळ्यापर्यंत सोडायला कोणीतरी लागेलच की. पण त्याचे तीनशे. याचे साडेचार हजार."

९:३०. मलकापूर, बांबवडे. रस्ता सरळ होतो, गाडी ऐंशीवर जाते. आता उसाच्या ट्रॉल्या सुरू, आणि त्यांना मागचा दिवा नाही.

१०:४०. उजळाईवाडी. हा विमानतळ १९३९ सालचा, राजाराम महाराजांच्या काळातला. नवी इमारत २०२४ ची. दारात गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत. बॅगा, ट्रॉली, नमस्कार. काकू शंभर रुपये हातात ठेवतात. "घरी फोन कर रे, पोचलास की."

११:३०. पुन्हा पंप, पुन्हा ७००. साधी थाळी १२०. मग फोन: रत्नागिरीकडचं कोणी आहे का? दीड तास वाट बघितली. कोणी नाही. रिकामी गाडी आणणं हे माझ्या मते या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम; रस्ता तोच, मीटर तोच, पैसे नाहीत.

सायंकाळी ५:२०. मालकाच्या दारात हिशेब. साडेचार हजारातून गॅसचे चौदाशे, याचे साडेआठशे. उरले साडेबावीसशे, त्यातून बँकेचा हप्ता.

५:४५. धुळीने गाडी लाल झालीय. धुलाई सेंटरवाला तीनशे घेतो, म्हणून पाइप लावून तो ती स्वतःच धुतो. त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत.