लॅपटॉप घेताय? आधी तागडीत घाला!

बारावीचा निकाल लागला की घराघरांत दोन विषय निघतात. एक ॲडमिशनचा, दुसरा लॅपटॉपचा. पहिल्यात आपलं काही चालत नाही, गुणपत्रिका काय ते ठरवते. दुसऱ्यात मात्र चालायला हवं, कारण पैसे बहुधा आपल्याच साठवणीतून जातात. तरीही दुकानात गेलं की आपण दोन पावलं मागे उभ्या राहतो आणि "तुम्ही काय ते बघा, मला त्यातलं कळत नाही," असं म्हणून मोकळ्या होतो.

मीही झाले होते. त्या वाक्याची किंमत मला २४ हजार रुपये पडली. निदान तो धडा तुम्हांला फुकटात मिळावा, म्हणून हे लिहिते आहे.

आमची धाकटी साताऱ्याहून कऱ्हाडला रोज एस.टी.ने कॉलेजला जाते. कॉमर्सला आहे. २०२४ साली तिला लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, एकदाच घ्यायचा तर दणकट घ्या, पुढचा विचार करा." पुढचा विचार म्हणून खेळ खेळणाऱ्यांसाठी केलेला, मोठ्या पडद्याचा लॅपटॉप ५८ हजारांना घरी आला. त्यातले बरेचसे माझ्या दोन दिवाळ्यांच्या फराळाच्या ऑर्डरींचे होते.

चार महिन्यांनी पाहते, तर तो कपाटावर! त्याच्यावर मी हौसेने विणलेला क्रोशाचा रुमाल, रुमालावर धूळ. पोरगी रात्री मैत्रिणीच्या वहीवरून नोट्स उतरवत बसलेली, खांद्याला बाम चोळलेला. "अगं, मग तो कशाला घेतला?" तर म्हणाली, "आई, तू एकदा उचलून बघ ना." चकल्या तोलायचा माझा काटा काढला आणि लॅपटॉप चार्जरसकट त्यावर ठेवला. भरला २ किलो ८००! त्यात पाण्याची बाटली, डबा, पुस्तकं. आणि एस.टी.त जागा मिळाली नाही की हे सगळं खांद्यावर घेऊन उभ्याने प्रवास. आपण पावणेतीन किलो साखर आणायची म्हटली तरी रिक्षा करतो की नाही?

शेवटी शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने तो ३४ हजारांना घेतला. त्याला नकाशे काढायला तसाच हवा होता. वस्तू वाईट नव्हती, आमची निवड चुकली होती. दुसऱ्या खेपेला मी पुढे उभी राहिले.

आधी कॉलेजला विचारा

साडी कुठल्या समारंभाला हवी ते ठरल्याशिवाय आपण दुकानाची पायरी चढत नाही. इथेही तसंच. कला, वाणिज्य, कायदा, साधं विज्ञान या शाखांत लिहिणं, वाचणं आणि हिशेबाचे तक्ते एवढंच मुख्य काम असतं. त्याला हलका, साधा लॅपटॉप पुरतो. इंजिनिअरिंगचे नकाशे किंवा व्हिडिओचं काम असेल तर गोष्ट वेगळी. कॉमर्सच्या मुलांना टॅली लागतं आणि ते विंडोजवर चालतं. म्हणून स्वस्त दिसणारं क्रोमबुक आम्हाला उपयोगाचं नव्हतं. नुसतं लिहायचं असेल तर तेही चालून जातं.

वजन आणि आकार

पडद्याचा आकार कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. १५.६ इंची घरी टेबलावर बरा. रोज नेण्याआणण्याला १४ इंची घ्या आणि वजन दीड किलोच्या आत ठेवा. चार्जर वेगळा तोलायला विसरू नका, दुकानदार तो हिशेबात धरत नाहीत. टाइप-सी पिनेवर चार्ज होणारा मिळाला तर उत्तम, त्याचा चार्जर बहुधा लहान असतो. मात्र मोबाइलचा छोटा चार्जर त्याला पुरेल असं समजू नका.

ओटा आणि कोठी

दुकानदार रॅम, एसएसडी म्हणू लागला की घाबरायचं नाही. रॅम म्हणजे ओटा आणि एसएसडी म्हणजे कोठीची खोली. ओटा लहान असला की एका वेळी दोनच पदार्थ करता येतात, तिसरा काढला की पहिला उचलून ठेवावा लागतो. ४ जीबी रॅमचं हेच होतं. आज निदान ८ जीबी हवी. ती पुढे वाढवता येईल का, हे आवर्जून विचारा. कित्येक हलक्या लॅपटॉपांत ती कायमची जोडलेली असते, मग ओटा मागाहून वाढत नाही.

कोठी २५६ जीबीची भागते, ५१२ची ऐसपैस. पण ती एसएसडीच हवी. अगदी स्वस्त लॅपटॉपांत ईएमएमसी नावाची सावकाश चालणारी कोठी असते. माळ्यावरचा डबा काढावा तसा प्रत्येक वेळी उशीर! प्रोसेसर म्हणजे शेगडी. नोट्ससाठी इंटेलचा आय३ किंवा रायझन ३ पुरे. तीन माणसांच्या स्वयंपाकाला आचाऱ्याची भट्टी कशाला?

बॅटरीचा खरा हिशेब

खोक्यावर १०-१२ तास छापलेले असतात. ते तसेच्या तसे खरे धरू नका. बॅटरीवर वॉट-तास असा आकडा असतो तो पाहा. लिहिण्यावाचण्याच्या कामाला छोटा लॅपटॉप साधारण ७ वॉट खातो. म्हणजे ४२ वॉट-तासांची बॅटरी ६ तास जाईल. कॉलेजच्या दिवसाला तेवढं पुरतं. वर्गात प्लगाजवळचा बाक मिळण्याची वाट पाहावी लागत नाही.

पडदा आणि कळा

दुकानात पडदा समोरून झकास दिसतो. जरा बाजूला सरकून पाहा. रंग पालटून काळपट झाले तर पडदा हलका आहे, आयपीएस जातीचा मागा. मग मुलीला पाच मिनिटं टाइप करायला बसवा, भिडस्तपणा करू नका. मराठी टाइप करायची सोय विंडोजमध्येच असते. रोमन अक्षरांच्या उच्चारावरून मराठी उमटवणारा कळफलकही त्यात आहे. त्यासाठी वेगळे पैसे मोजायला नकोत.

जुना घ्यावा का?

जरूर घ्यावा, पण पारखून. कचेऱ्यांतून निघालेले हलके लॅपटॉप दुरुस्त करून विकतात, ते चांगले निघतात. मात्र विंडोज १०ला फुकट मिळणारी सुरक्षेची मदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. तेव्हा विंडोज ११ चालेल असाच घ्या. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. आणि दुकानदाराकडून बॅटरी रिपोर्ट काढून घ्या. त्यात बॅटरीची मूळ ताकद आणि आजची ताकद असे दोन आकडे येतात. आजचा आकडा निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला लावा.

पैसे देण्यापूर्वी

पक्कं बिल घ्या, किंमत १८ टक्के जीएसटी धरून आहे ना ते पाहा. वॉरंटीत माणूस घरी येतो की आपण सर्व्हिस सेंटरला जायचं, ते विचारा. तालुक्याच्या गावी हा फरक मोठा आहे. हप्त्यांवर घेत असाल तर सगळ्या हप्त्यांची बेरीज स्वतः करा, 'बिनव्याजी' या शब्दावर जाऊ नका. ऑफिसचे प्रोग्राम सोबत मिळतात का पाहा. नसतील तर लिब्रेऑफिस फुकट मिळतं.

आमच्या धाकटीचा दुसरा लॅपटॉप २०२५च्या दिवाळीआधी ३८ हजारांना आला. १४ इंची, ८ जीबी, वजन चार्जरसकट पावणेदोन किलोच्या आत. भाव खालीवर होतात, तेव्हा हा आकडा नुसता अंदाजापुरता धरा.

एक शेवटचं. लॅपटॉप आला म्हणून वही अडगळीत टाकू देऊ नका. २०१४ साली अमेरिकेतल्या म्यूलर आणि ओपनहायमर या संशोधकांना असं दिसलं होतं की, टाइप करणारी मुलं सरांचं बोलणं शब्दशः उतरवत जातात आणि हाताने लिहिणाऱ्यांना विषय जास्त उमगतो. पुढे २०१९मध्ये झालेल्या फेरतपासणीत हा फरक एवढा ठळक दिसला नाही. पण मुद्दा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वर्गात टिपायचं ते आपल्या शब्दांत, मग ते वहीत असो की लॅपटॉपवर.

दुकानात मी काटा घेऊन गेले, तेव्हा आमचे हे जरा संकोचले. तो पोऱ्याही हसला. मी म्हटलं, "हसा खुशाल. चकली तोलून देते, तर हा का नको तोलून घेऊ?" आता तो रोज कऱ्हाडला जातो. आणि क्रोशाचा रुमाल? तो पुन्हा टीव्हीवर गेला नाही, कारण हल्लीच्या टीव्हीला वर जागाच नसते. पण मिक्सरवर छान दिसतो.