नृत्य स्वीकारलें, नर्तकी नाकारल्या

भरतनाट्यम् पाहावयास आज सभ्य घरांतील मंडळी सहकुटुंब जातात, आपल्या मुलींस तें शिकवितात, आणि त्यांतील भक्तिभाव पाहून धन्य होतात. ह्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ही विद्या आपणांपर्यंत कोणीं आणून पोंचविली, हा प्रश्न विचारावयास मात्र आपण कचरतों.

ह्या नृत्याचें शास्त्र भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत, व त्याचें माहेर तामिळ देशांतील देवालयांत. तंजावरचें बृहदीश्वराचें देऊळ १०१० च्या सुमारास पुरें झालें. राजराज चोलानें तेथें सुमारें चारशें देवसेविका आणून वसविल्या, हें देवळाच्या भिंतीवरील लेखच सांगतो. देवापुढें नाचणें ही ह्या परंपरेंत पूजाच होती. पुढें तंजावरास भोसल्यांचें राज्य आलें. दुसऱ्या सरफोजी राजांनीं नृत्यासाठीं मराठींत रचना केल्या. त्यांच्याच दरबाराशीं संबद्ध असलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु ह्या चौघां बंधूंनीं अलारिप्पूपासून तिल्लाण्यापर्यंतचा क्रम बसविला. बहुतेक नर्तकी आजही त्याच वाटेनें जातात. तेव्हां ह्या ऋणांत मराठी माणूसही आहे.

१८५५ त तंजावर खालसा झालें, राजाश्रय तुटला. देवास वाहिलेल्या पुष्कळ मुलींच्या वांट्यास धनिकांची मर्जी आणि लोकांची निंदा एवढेंच उरलें. अजाण मुलीचें आयुष्य असें परस्पर वाहून टाकणारी चाल बंद व्हावयासच हवी होती. मुंबई इलाख्यांत १९३४ त कायदा झाला, मद्रासेंत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी ह्यांच्या दीर्घ झुंजीनंतर तो १९४७ त झाला. त्या सुधारणेचें आम्ही मनःपूर्वक समर्थन करितों.

परंतु दोष चालीचा होता; शिक्षा मात्र स्त्रियांस झाली. १९३५ त रुक्मिणीदेवी रंगमंचावर आल्या आणि प्रतिष्ठितांनीं ह्या कलेस घरांत घेतलें. त्यांस शिकविणाऱ्यांपैकीं मैलापूरच्या गौरी अम्माळ ह्या देवदासीच होत्या. १९७७ त पद्मविभूषण मिळालेल्या बालसरस्वती त्याच परंपरेंतील घराण्यांत जन्मल्या. असें असतां ‘आम्हीं कला शुद्ध केली’ असें म्हणणें म्हणजे ज्या विहिरीचें पाणी प्यावें तिच्यांतच थुंकणें होय.

आपल्या मुलीच्या पायांत घुंगरू बांधतांना पालकांनीं तिला भरतमुनींचें नांव अवश्य सांगावें. गौरी अम्माळांचेंही सांगावें. विद्या घ्यावी आणि विद्या देणारीची लाज वाटावी, ही कसली भक्ति?